आधी कोण? पत्त्यांच्या खेळातला वेळेचा हिशोब

टेबलावर तीन पत्ते आहेत. पहिला ‘ग्रिझली बेअर्स’, म्हणजे एक अस्वल. त्याच्या कोपऱ्यात २/२ असं छापलेलं असतं. मारण्याची ताकद दोन, सोसण्याची ताकद दोन. दुसरा ‘लायटनिंग बोल्ट’. ही वीज ज्याच्यावर पडेल त्याला तीनची इजा होते. तिसरा ‘जायंट ग्रोथ’. तो ज्या प्राण्यावर टाकाल त्याच्या दोन्ही ताकदी त्या पाळीपुरत्या तीनने वाढतात.

अस्वल अंबरनाथकर खेळाडूचं आहे. वीज बदलापूरकराच्या हातात आहे, वाढीचा पत्ता अंबरनाथकराच्या. दोघंही आपापले पत्ते टाकतात. आता अस्वल मेलं की वाचलं?

तिन्ही पत्ते तेच ठेवूनही याची दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. पत्ते कोणत्या क्रमाने टाकले यावर सगळं अवलंबून आहे. जमवून खेळायच्या पत्त्यांचे जे खेळ जगभर चालतात, त्यांतली बरीच भांडणं याच ‘आधी कोण’वरून होतात. ती मिटवण्यासाठी या खेळांनी जी रीत बसवली आहे, ती समजून घेण्यासारखी आहे.

जमवायचे पत्ते, खेळायचे पत्ते

मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळताना हा प्रश्न येत नाही. उतारी कोणाची हे ठरलेलं असतं, एकाने पत्ता टाकल्यावर पुढच्याची पाळी येते आणि हात कोणी उचलला हे सगळ्यांना दिसतं. दुसऱ्याच्या पाळीत मध्येच पत्ता टाकायची मुभा कोणालाच नसते.

शाळेबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या ट्रम्प कार्डांचंही तसंच. पैलवानांची उंची, वजन किंवा क्रिकेटपटूंच्या धावा यांची तुलना करायची. मोठा आकडा जिंकतो. त्यात वेळेचा संबंध येत नाही.

जमवण्याची हौस तर याहून जुनी. अंबरनाथच्या विमको नाक्याला नाव देणारा कारखाना वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे काड्यापेट्यांचा. काड्यापेट्यांवरची चित्रं जमवायची, दोन सारखी आली की एक देऊन दुसरं घ्यायचं, हा छंद देशभरातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी केला. पण चित्रावरच्या वाघाला किंवा जहाजाला स्वतःचा नियम नव्हता. वाघ जहाजाला काही करू शकत नसे.

जमवणं आणि खेळणं या दोन गोष्टी १९९३ मध्ये एकत्र आल्या. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ तयार केला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. पत्ते पाकिटातून विकत घ्यायचे, अदलाबदल करायची आणि त्यातून प्रत्येकाने आपली कॅट स्वतः बांधायची. मुख्य म्हणजे प्रत्येक पत्त्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला. वर सांगितलेले तिन्ही पत्ते त्या पहिल्याच संचातले. पुढे १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले आणि १९९९ मध्ये कोनामीचा ‘यू-गी-ओ’ आला.

प्रत्येक पत्ता स्वतःचा नियम घेऊन येतो म्हटल्यावर दोन नियम एकमेकांना भिडणार हे ठरलेलंच. त्यात यांतले काही पत्ते समोरच्याच्या पाळीतही टाकता येतात. मॅजिकमध्ये अशा पत्त्यांना ‘इन्स्टंट’ म्हणतात. वीज आणि वाढ हे दोन्ही पत्ते इन्स्टंटच आहेत.

हाताच्या चपळाईवर ठरवलं तर?

एक सोपा तोडगा कोणालाही सुचेल: ज्याने आधी पत्ता आपटला त्याचा आधी लागू करावा. पण मग खेळ डोक्याचा न राहता मनगटाचा होतो. लहान मूल मोठ्यापुढे, नवखा सरावलेल्यापुढे कायम हरतो आणि ‘मी आधी टाकला’, ‘नाही, मी’ हा वाद तर शिल्लक राहतोच. चार डोळ्यांनी पाहिलेल्या अर्ध्या सेकंदाचा साक्षीदार आणणार कुठून?

सुरुवातीच्या वर्षांत मॅजिकने वेगवेगळ्या पत्त्यांना वेगवेगळा वेग देऊन पाहिला. इन्स्टंटपेक्षाही चपळ असा ‘इंटरप्ट’ नावाचा वेगळा प्रकार होता. इजा टाळणाऱ्या पत्त्यांसाठी आणखी एक वेगळी वेळ राखून ठेवलेली होती. त्याहून चमत्कारिक म्हणजे खेळाडूचे प्राण, म्हणजे त्याच्या आयुष्याचे गुण, शून्यावर आले तरी तो लगेच हरत नसे. पाळीचा तो टप्पा संपेपर्यंत त्याला मुदत मिळे आणि तेवढ्यात त्याने प्राण वाढवले तर तो खेळात टिकून राही. असे अपवाद वाढत गेले आणि वेळेचे नियम मुखोद्गत असणं हेच एक कौशल्य होऊन बसलं.

१९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीसोबत ही घडी मोडून नवी बसवली गेली. इंटरप्ट रद्द झाले, सगळे इन्स्टंट एका पातळीवर आले आणि ‘स्टॅक’ नावाची एकच व्यवस्था सगळ्यांना लागू झाली. स्टॅक म्हणजे चळत.

चळत: शेवटी आलेला आधी सुटतो

ही चळत समजायला संध्याकाळची बदलापूर लोकल पुरेशी आहे. दादरला चढलेला बदलापूरचा प्रवासी आत सरकतो, कारण त्याला सगळ्यांत शेवटी उतरायचं असतं. ठाण्याला चढलेला अंबरनाथचा प्रवासी त्याच्या पुढे उभा राहतो. कल्याणला चढलेला उल्हासनगरचा माणूस दाराशीच थांबतो. मग उतरताना क्रम उलटतो: उल्हासनगरला दाराजवळचा उतरतो, अंबरनाथला मधला आणि बदलापूरला सगळ्यांत आतला. जो शेवटी चढला तो आधी सुटला.

चळतीत पत्ते असेच चढतात आणि असेच उतरतात. पत्ता टाकला म्हणजे त्याचा परिणाम झाला, असं नाही. तो फक्त गाडीत चढला. त्याच्यावर समोरच्याने दुसरा पत्ता टाकला तर तो दाराशी उभा राहतो आणि आधी उतरतो, म्हणजे त्याचा परिणाम आधी होतो. एक उतरला की गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाते. तिथे नवा प्रवासी चढू शकतो, तसा मधल्या टप्प्यात नवा पत्ताही टाकता येतो. सगळी गाडी रिकामी होईपर्यंत थांबावं लागत नाही.

आता अस्वलाकडे वळू.

पहिला प्रसंग. बदलापूरकर अस्वलावर वीज टाकतो. वीज चळतीत जाते. अस्वलाला अजून काही झालेलं नाही. उत्तर म्हणून अंबरनाथकर वाढीचा पत्ता टाकतो. तो वर बसतो आणि आधी लागू होतो. अस्वल ५/५ होतं. मग वीज पडते, तीनची इजा होते, पण सोसण्याची ताकद पाच असल्याने अस्वल वाचतं.

दुसरा प्रसंग. अंबरनाथकर घाईने आधीच वाढीचा पत्ता टाकतो. बदलापूरकर उत्तर म्हणून वीज टाकतो. आता वीज वर आहे. ती आधी पडते तेव्हा अस्वल अजून २/२ आहे, त्यामुळे ते मरतं. मग वाढीची वेळ येते, तर ज्याच्यावर ती लागू व्हायची ते अस्वलच टेबलावर नाही. पत्ता फुकट जातो.

पत्ते तेच, खेळाडू तेच. कोणी कोणाला उत्तर दिलं एवढाच फरक. सराईत खेळाडू वाढीचा पत्ता आधी न टाकता राखून का ठेवतात, त्याचं कारण हे आहे.

‘माझं काही नाही’ म्हणण्याचा हक्क

पण उत्तर द्यायला वेळ किती मिळतो? घड्याळात मोजला तर पुन्हा चपळाईचा प्रश्न आला. म्हणून इथे वेळ संधीत मोजतात. या संधीला खेळाडू ‘प्रायॉरिटी’ म्हणतात. आपण तिला बोलण्याची पाळी म्हणू.

पत्ता टाकणाऱ्याकडे आधी ही पाळी असते. हवं तर तो स्वतःच्याच पत्त्यावर आणखी एक पत्ता चढवू शकतो. नको असेल तर ‘पास’ म्हणतो आणि पाळी समोरच्याकडे जाते. समोरचाही पास म्हणाला, म्हणजे लागोपाठ दोघांचंही ‘माझं काही नाही’ असं झालं, तरच चळतीतला सगळ्यांत वरचा एक पत्ता लागू होतो. त्यानंतर बोलण्याची पाळी पुन्हा नव्याने सुरू होते आणि ज्याचा टर्न, म्हणजे खेळण्याची पाळी, चालू आहे त्याला ती आधी मिळते.

यात दोन गोष्टी साधतात. समोरच्याला संधी दिल्याशिवाय कोणताच पत्ता लागू होत नाही, त्यामुळे झटपट पत्ता आपटून त्याचं तोंड बंद करता येत नाही. आणि एकदा पास म्हटल्यावर पत्ता लागू झाला की मागे फिरता येत नाही. ‘अरे, मला उत्तर द्यायचं होतं’ हा रडीचा डाव ठरतो.

याचा सगळ्यांत टोकाचा नमुना असा. दोघांचेही प्राण तीनवर आहेत. बदलापूरकर थेट अंबरनाथकरावर वीज टाकतो. अंबरनाथकर उत्तर म्हणून स्वतःची वीज बदलापूरकरावर टाकतो. दुसरी वीज वर असल्याने आधी पडते, बदलापूरकराचे प्राण शून्यावर येतात आणि खेळ तिथेच संपतो. त्याची वीज पडायची राहूनच जाते. मारायला आधी हात उगारला त्यानेच डाव गमावला.

जे चळतीत जातच नाही

खेळ ‘तिथेच’ संपला, हे ठरवलं कोणी? कोणी पत्ता टाकला नाही, कोणाला उत्तर द्यायची संधीही मिळाली नाही. हा नियमांचा दुसरा थर आहे. कोणालाही बोलण्याची पाळी देण्याआधी खेळ दर वेळी टेबलाची तपासणी करतो. कोणाचे प्राण शून्यावर आलेत? कोणत्या प्राण्याला त्याच्या सोसण्याच्या ताकदीइतकी इजा झाली आहे? जे सापडेल त्याचा निकाल एकाच वेळी लावला जातो. त्यावर कोणताही पत्ता टाकून आक्षेप घेता येत नाही. जुन्या नियमातली ‘टप्पा संपेपर्यंतची मुदत’ याच तपासणीने मोडीत काढली.

‘एकाच वेळी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. ‘अर्थक्वेक’ हा पत्ता दोन्ही खेळाडूंना सारखीच इजा करतो. दोघांचे प्राण तीनवर असताना तीनचा भूकंप झाला तर दोघंही एकाच तपासणीत सापडतात आणि डाव बरोबरीत सुटतो. विजेच्या प्रसंगात मात्र दोन वेगवेगळे पत्ते होते, त्यामुळे त्यांच्या मध्ये तपासणी आली आणि एक जण जिंकला.

मग एकाच क्षणी दोन खेळाडूंचे पत्ते आपोआप जागे झाले तर? ‘फूटलाइट फीन्ड’ हा १/१ ताकदीचा सैतान मरताना कोणालाही एकची इजा करतो. दोघांकडेही तो आहे, दोघांचेही प्राण एकवर आहेत. बदलापूरकर आपल्या पाळीत त्याने हल्ला करतो, अंबरनाथकर आपला सैतान आडवा घालतो आणि दोन्ही सैतान एकत्र मरतात. आता दोघांचेही परिणाम चळतीत जायचे आहेत. नियम सांगतो की ज्याची पाळी चालू आहे त्याचा परिणाम आधी ठेवायचा, मग दुसऱ्याचा. म्हणजे बदलापूरकराचा खाली, अंबरनाथकराचा वर. वरचा आधी लागू होतो आणि बदलापूरकर हरतो. आधी ठेवण्याचा मान इथे तोट्याचा ठरतो.

पहिल्या प्रसंगात वाचलेल्या अस्वलाचंही एक कोडं बाकी आहे. पाळी संपली की वाढ उतरते आणि अस्वल पुन्हा २/२ होतं. पण अंगावर तीनची इजा आहे. मग ते आता मरायला नको का? वाढ आधी उतरली असती तर मेलंच असतं. नियम लिहिणाऱ्यांनी हे ओळखून ठरवलं की पाळीच्या अखेरीस इजा पुसली जाणं आणि वाढ उतरणं या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी होतील. मध्ये तपासणीला जागाच ठेवलेली नाही. अस्वल दुसऱ्या दिवशीही जिवंत असतं.

अशा बारकाव्यांमुळे मॅजिकचा संपूर्ण नियमग्रंथ दोनशेहून जास्त पानांचा झाला आहे. त्याची काटेकोर रचना किती पक्की आहे हे २०१९ मध्ये दिसलं. ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी एका शोधनिबंधात दाखवून दिलं की मॅजिकचे ठरावीक पत्ते ठरावीक पद्धतीने मांडले तर त्यातून तत्त्वतः कोणत्याही कॉम्प्युटरचं गणित करता येतं. कॉम्प्युटरही एक काम अर्ध्यावर ठेवून दुसरं हाती घेतो तेव्हा ‘शेवटी आलेलं आधी’ हीच रीत वापरतो आणि तिलाही स्टॅकच म्हणतात.

प्रत्येक खेळाची तऱ्हा वेगळी

पोकेमॉनच्या खेळाने या गुंत्याला जवळपास फाटाच दिला. ज्याची पाळी त्यानेच पत्ते टाकायचे. समोरच्याने मध्ये काही टाकायचं नाही. हल्ला केला की पाळी संपते. तरीही वेळेचा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण दोन पाळ्यांच्या मध्ये विषबाधा, भाजणं, झोप आणि लुळेपणा यांचा हिशोब करावा लागतो. तो याच क्रमाने करायचा असा नियम आहे: आधी विष, मग भाजणं, मग झोप, मग लुळेपणा. आठ वर्षांच्या मुलालाही हा खेळ मोठ्या भावाशी न भांडता खेळता येतो, यामागे हा सरळपणा आहे.

यू-गी-ओमध्ये चळतीला ‘चेन’ म्हणतात, म्हणजे साखळी. तीही मागून पुढे उलगडते. पण इथे पत्त्यांना १, २, ३ असे वेग आहेत आणि कमी वेगाच्या पत्त्याने जास्त वेगाच्या पत्त्याला उत्तर देता येत नाही. त्यात भर म्हणून ‘वेळ हुकणं’ नावाचा प्रकार आहे. काही पत्त्यांवर ‘असं घडेल तेव्हा तुम्ही अमुक करू शकता’ अशी ऐच्छिक सवलत असते. ती घेण्यासाठी ती घटना सगळ्यांत शेवटी घडलेली असावी लागते.

‘पेटेन द डार्क क्लाउन’ हा विदूषक मेला की त्याच्या जागी दुसरा पेटेन आणता येतो. पण मोठा राक्षस आणण्यासाठी त्याचाच बळी दिला तर? बळी आधी जातो, राक्षस नंतर येतो. शेवटची घटना राक्षसाचं येणं ही आहे, पेटेनचं जाणं नव्हे. सवलतीची वेळ हुकली. त्याच पत्त्यावर ‘तेव्हा’च्या जागी ‘तर’ छापलेलं असतं तर ती मिळाली असती. नव्या खेळाडूंना सगळ्यांत अन्यायाचा वाटणारा नियम हाच.

सावंतवाडीत घड्याळाऐवजी सूर्य

पत्त्यांनी वेळेकडे पाहण्याची एक फार देखणी रीत महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा पत्ते. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला संपता संपता सावरली.

इथे पहिली उतारी कोणाची हे खेळाडूच्या बसण्याच्या जागेवर ठरत नाही. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी; रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. आठ रंगांच्या, ९६ पत्त्यांच्या मुघल गंजिफातही हीच वाटणी आहे: दिवसा सुर्ख, रात्री सफेद. वाटलेले पत्ते तेच असले तरी सूर्य मावळला की डाव वेगळ्या हातातून सुरू होतो.

गंजिफाचा भारतातला सर्वांत जुना लेखी उल्लेख बाबराच्या आठवणींत, १५२७ सालचा आहे. त्याने हे पत्ते सिंधचा शासक शाह हसन याला भेट पाठवले होते, कारण त्याला ते आवडत.

वाद झाला तर

स्पर्धांमध्ये या खेळांना पंच असतात. घरच्या टेबलावर ते नसतात, पण त्यांची पद्धत उचलता येते. पंच आल्या आल्या ‘बरोबर कोण’ असं विचारत नाहीत. आधी दोघांनाही पत्त्यांना हात न लावता थांबवतात आणि काय काय घडलं ते क्रमाने वदवून घेतात. पुष्कळदा हा क्रम मोठ्याने सांगतानाच दोघांना उत्तर सापडतं.

भांडण बहुतेक वेळा नियम माहीत नसल्यामुळे होत नाही. ते होतं न विचारता पुढे गेल्यामुळे. पत्ता टाकून ‘उत्तर आहे का?’ असं विचारायची आणि समोरच्याने ‘नाही’ म्हणेपर्यंत थांबायची सवय पहिल्याच डावापासून लावली तर चौथी-पाचवीतली मुलंही हे खेळ नीट खेळतात. मोठ्यांनी शिकवताना पत्त्यांची किंमत किंवा दुर्मीळपणा सांगण्याआधी ही एक सवय शिकवावी.

> चौकट: ‘आधी कोण’ ठरवायच्या पायऱ्या (मॅजिकसाठी)
>
> १. थांबा. पत्ते आहेत तिथेच राहू द्या.
>
> २. पाळी कोणाची चालू आहे ते ठरवा.
>
> ३. टाकलेले पत्ते ज्या क्रमाने पडले त्या क्रमाने एकावर एक मांडा.
>
> ४. दोघांनाही बोलण्याची पाळी मिळाली होती का ते पाहा. नसेल तर आता द्या.
>
> ५. दोघंही पास म्हणाले की सगळ्यांत वरचा एकच पत्ता लागू करा. त्यावर छापलेला मजकूर मोठ्याने वाचा.
>
> ६. टेबल तपासा: शून्य प्राण, मेलेले प्राणी. जे सापडेल त्याचा निकाल एकदमच लावा.
>
> ७. या सगळ्यात आपोआप जागे झालेले परिणाम चळतीत ठेवा: पाळी चालू असलेल्याचे आधी, दुसऱ्याचे त्यांच्यावर.
>
> ८. चळत रिकामी होईपर्यंत चौथ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.